होळी ते अखाजी (अक्षय्य तृतीया) : घरातली म्हातारी माणसं उन्हाच्या तोंडाशी कशी सांभाळावीत

पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. खानदेशात हा वसंत म्हणजे पहाटे अंगावर गोधडी आणि दुपारी दोनला डोक्यावर ओला पंचा. मार्चच्या सुरुवातीला पहाटे पारा १५-१६ अंशांच्या आसपास असतो, दुपारी ३६-३७ वर चढतो आणि महिना सरता सरता जळगाव-भुसावळकडे चाळिशी गाठतो. मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांची सगळ्यांनाच धास्ती असते, त्यामुळे तेव्हा घरातल्या आजी-आजोबांना कोणी दुपारचं बाहेर पडू देत नाही. दगा होतो तो त्याच्या आधी. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, उतारवयात त्याहून जास्त. नेमक्या याच आठवड्यांत कूलर माळ्यावर पडलेला असतो, बीपीच्या गोळीची मात्रा थंडीतलीच असते आणि खळ्यावर गहू-हरभऱ्याची घाई असते. म्हणून उन्हाळ्याची तयारी होळी पेटायच्या आधी व्हायला हवी.

आई-वडील, सासू-सासरे किंवा आजी-आजोबा यांची जबाबदारी ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. कामं ज्या क्रमाने करायची, त्याच क्रमाने ती लिहिली आहेत.

पहिलं काम : एक वही घाला

शंभर पानी वही पुरते. पहिल्या पानावर आजार, वय, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते लिहा. दुसऱ्या पानावर सगळी औषधं : गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी. नावं स्ट्रिपवरून उतरवा, आठवणीवर जाऊ नका. उशीखाली, देव्हाऱ्याजवळ, जुन्या डब्यात ठेवलेल्या गोळ्याही काढून बघा. दुखण्याची आणि झोपेची गोळी बहुधा तिथेच सापडते आणि डॉक्टरांना तिचा पत्ता नसतो.

तिसऱ्या पानापासून रोजची नोंद. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करा. एका दिवसात वजन एक किलो उतरलं, तर अंगातलं साधारण लिटरभर पाणी गेलं असं समजा. उलट हृदयाच्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पाणी साचतंय. दोन्ही वेळेला डॉक्टरांना फोन करायचा.

घरी बीपीचं यंत्र असेल तर आडवं पाच मिनिटं पडून एकदा मोजा, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा १० किंवा त्याहून जास्त पडला, तर उठताना भोवळ येऊन पडायची शक्यता मोठी आहे. हे आकडे वहीत असले म्हणजे दवाखान्यातली पाच मिनिटंही कामी येतात.

दुसरं काम : होळीच्या आधी दवाखाना

उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, आणि बीपी आपोआप थोडं उतरतं. थंडीत ठरवलेली मात्रा मग जास्त होते. म्हणून सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा : "ऊन वाढलं की यातलं काय कमी करायचं? उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची?" उत्तर वहीत लिहून घ्या. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. अचानक थांबवलेली बीपीची किंवा हृदयाची गोळी उन्हापेक्षा जास्त घात करते.

विचारायची औषधं ही : फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड यांसारखी लघवीची गोळी. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल, तर तिच्यातही बहुतेक वेळा हे शेवटचं औषध मिसळलेलं असतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही साखरेची औषधं लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. सर्दीची क्लोरफेनिरामिन आणि नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन घाम कमी करतात, आणि घाम अडला की अंगातली उष्णता आतच कोंडते.

सगळ्यात जपायचं ते एका तिकडीला. लघवीची गोळी, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी. यातली प्रत्येक गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा वेगवेगळ्या वाटेने कमी करते. तिन्ही एकत्र आल्या आणि वरून अंगातलं पाणी कमी झालं, तर चार दिवसांत मूत्रपिंड बसू शकतं. उन्हाळ्यात गुडघ्याला आधी शेक आणि मलम द्या, गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून.

औषधं ठेवायच्या जागेकडेही लक्ष द्या. खिडकीची पाळी, फ्रिजचं डोकं, पत्र्याखालची फळी या तिन्ही जागा तापतात. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं, नेमके दिवस खोक्यावर बघा. फ्रिज नसेल किंवा लाईट सारखी जात असेल, तर मोठ्या मातीच्या भांड्यात छोटं मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरून ती दिवसातून दोनदा ओली करा आणि आतल्या कोरड्या मडक्यात इन्सुलिनचा डबा ठेवून वर ओलं फडकं टाका. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि आतला भाग बराच गार राहतो.

तिसरं काम : पाण्याचा तांब्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. अंगाला पाणी हवं असतं, पण घसा मागत नाही. आप्पांना विचारलं तर "माले काही व्हत नई" हेच उत्तर येणार, आणि त्यांच्या मनाने ते खरंच असतं. त्यात कोरड्या हवेमुळे घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो, म्हणून घाम आला नाही असं वाटतं.

पाणी कमी पिण्याचं खरं कारण पुष्कळदा वेगळं असतं आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. संडास अंगणाच्या टोकाला असतो, गुडघे वाकत नाहीत, प्रोस्टेटमुळे लघवी आवरत नाही, आणि रात्री सुनेला उठवायचा संकोच वाटतो. मग माणूस पाणीच तोडतो. अशा घरात "पाणी प्या, पाणी प्या" म्हणून काही होत नाही. आधी खाटेजवळ कमोडची खुर्ची किंवा लघवीचं भांडं ठेवा, संडासापर्यंत दिवा लावा, भिंतीला धरायला दांडी बसवा. ही सोय झाली की पाणी आपोआप वाढतं.

ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं बंधन नाही, त्यांच्यासाठी दिवसाला दीड ते दोन लिटर हे धोरण ठेवा. ऊन चढलं किंवा बाहेर जाणं झालं तर त्याहून थोडं जास्त. ज्यांना बंधन आहे, त्यांचं माप डॉक्टरच ठरवतील, तेवढंच द्यायचं. "उन्हाळा आहे, चालतं" म्हणून वाढवायचं नाही, आणि घाबरून कमीही करायचं नाही.

मोजायची सोपी रीत : त्यांच्यासाठी एक तांब्या वेगळा काढा. लिटरच्या बाटलीने तो आधी मोजून घ्या, कारण कुठला तांब्या पाऊण लिटरचा निघतो तर कुठला सव्वा. सकाळी सातला भरून खाटेजवळ, हात पोचेल अशा उंचीवर ठेवा, वर फुलपात्र पालथं घाला. दुपारी एकपर्यंत तो रिकामा व्हायला हवा. दुसऱ्यांदा भरलेला संध्याकाळी सातपर्यंत संपवायचा. सातनंतर घोट-दोन घोटच द्या, म्हणजे रात्री उठणं कमी होतं. चहा, ताक, पातळ वरण, कलिंगड हेही पाण्यातच धरायचं. एका दमात दोन पेले पाजू नका. अर्धं फुलपात्र दर अर्ध्या-पाऊण तासाने चांगलं पचतं.

माठ कमरेच्या उंचीच्या तिवईवर ठेवा आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं द्या. वाकून माठ कलता करताना तोल जातो. जिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं किंवा टँकर लागतो, तिथे साठवलेलं पाणी गाळून घ्या, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या आणि झाकून ठेवा.

ताक दुपारच्या जेवणाबरोबर उत्तम : एक वाटी दही, तीन वाट्या पाणी, भाजलेलं जिरं आणि बीपी असेल तर मिठाची फक्त चिमूट. रस्त्यावरचा उसाचा रस आणि त्यातला बर्फ या वयात टाळा. त्या बर्फाचं पाणी कुठलं असतं ते कोणालाच ठाऊक नसतं.

केळीच्या मुलखात राहून एक गोष्ट सांगावीच लागते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल चालू असलेल्यांनी, केळी आणि नारळपाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते रक्तात साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. बाकीच्यांना रोज एक केळं खुशाल द्या.

जुलाब, उलट्या किंवा खूप घाम झाला तर ओआरएस. पाकीट २०.५ ग्रॅमचं असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच विरघळवायचं. अर्धं पाकीट ग्लासात टाकलं की मिठाचं प्रमाण चुकतं. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका, मीठ जास्त झालं तर उलट अपाय होतो. खोक्यात मिळणारी गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मधुमेह असला तरी जुलाबात ओआरएस द्यायचंच, फक्त साखर तपासत राहायची.

पाणी कमी पडतंय हे ओळखायचं कसं? हाताची कातडी चिमटीत धरून बघायची पद्धत म्हाताऱ्या अंगावर फसवी ठरते, कारण कातडी तशीही सैलच असते. जीभ बाहेर काढायला सांगा. कोरडी, चिरा पडलेली दिसली तर पाणी कमी आहे. काखेत बोट घालून बघा, एरवी तिथे थोडी ओल असते. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर जाऊ नका, ती लघवी हळदीसारखी करते. 'उन्हाळी लागली' म्हणून जळजळ अंगावर काढू नका. दोन दिवस जळजळ राहिली, ताप आला किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागला, तर लघवीची तपासणी करा. या वयात लघवीचा जंतुसंसर्ग पुष्कळदा गोंधळानेच कळतो.

चौथं काम : घर गार ठेवणं

जुनी धाब्याची घरं या मुलखाला शोभणारी होती. जाड माती दिवसाची उष्णता आत यायला वेळ लावते. आता बहुतेक ठिकाणी पत्रा किंवा स्लॅब आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसाची दुपारची जागा आधी बदला. घरातली सगळ्यात खालची, उत्तरेकडची किंवा मधली खोली त्यांना द्या. भिंतीवर साधा खोलीचा थर्मामीटर लावा. अंदाजावर राहू नका.

पत्र्याला आणि स्लॅबला मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. पत्र्याच्या वर हिरवी जाळी बांधायची तर किमान फूटभर उंच बांधा. टेकून बांधली तर जाळीच तापून पत्रा तापवते. पऱ्हाट्या किंवा कडबा छतावर रचायची पद्धत आहे, पण विजेची तार जवळून जात असेल तर ती जोखीम घेऊ नका.

खिडक्यांचं वेळापत्रक : पहाटे पाच ते सकाळी नऊ सगळ्या उघड्या, नऊ-साडेनऊला दक्षिण-पश्चिमेच्या बंद करून पडदे ओढायचे, संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की पुन्हा उघडायच्या. भर दुपारी 'हवा येऊ दे' म्हणून खिडकी उघडली की झळच आत येते.

पंख्यावर फार विसंबू नका. खोली ४० अंशांच्या पुढे गेली की नुसता पंखा अंगावर गरम वाराच मारतो आणि अंग आणखी तापतं. तेव्हा मान, हात, पाय ओल्या फडक्याने पुसत राहा आणि मग पंखा लावा. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं.

कूलर आपल्या कोरड्या हवेत फार चांगला चालतो, पण तीन गोष्टी पाळल्या तरच. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. बंद खोलीत तासाभरात दमटपणा साचतो आणि घाम उडेनासा होतो. दुसरं, आठवड्यातून एक ठराविक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासायच्या आणि वाळू द्यायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी त्या कडांना चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. पॅडचं गवत दरवर्षी नवं घाला. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वीज. पत्र्याचा कूलर, ओले हात आणि अनवाणी पाय यांचा मेळ जीवघेणा आहे. पाणी भरण्याआधी पिन काढायचीच, बटण बंद करणं पुरेसं नाही. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा गळती-बंद स्विच (आरसीसीबी) वायरमनकडून बसवून घ्या. कूलरखाली ओघळणाऱ्या पाण्यावर पाय घसरतो, तिथे गोणपाट टाका आणि ते रोज उन्हात वाळवा.

पाचवं काम : खळं, वाळवण, यात्रा, लग्नं

गहू, हरभरा, दादर (रब्बी ज्वारी) निघायचे हे दिवस. थ्रेशरचं भुसकट दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसाला दोन खोल्या ओलांडूनही त्रास देतं. अशा माणसाला खळ्यावर बसवू नका. बसायचंच असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, एन-९५ मास्क लावून. तोंडाला बांधलेला रुमाल जाड कचरा अडवतो, बारीक धूळ नाही. घरी आल्यावर आंघोळ आणि कपडे बदलणं लगेच. होळीचा धूर आणि शेतात पेटवलेल्या काडी-कचऱ्याचा धूर यांनाही हेच लागू. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून एका वेळी एकच फवारा ओढावा, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखावा, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी.

वाळवणाचं तर वेगळंच प्रकरण आहे. बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, शेवया गच्चीवर वाळत पडतात आणि राखणीला बसते ती आजी. हातात काठी, डोक्यावर पदर, सकाळी आठपासून दुपारपर्यंत. कावळे आणि शेळ्या राखता राखता तिच्या हे लक्षात येत नाही की स्लॅब खालून तापतो आहे, ऊन वरून, आणि पाणी खाली घरात आहे. जुन्या लुगड्याचं पातळ कापड किंवा मच्छरदाणी चार विटांवर ताणून वाळवणावर घाला, आजीला मोकळी करा. वाळायला अर्धा दिवस जास्त लागेल, एवढंच. चीक शिजवायचं काम पहाटे पाचला सुरू करून आठच्या आत चुलीपासून उठायचं. खायच्या बाबतीतही सांगायचं तर मीठ आणि पापडखार दोन्हींत सोडियम असतं, म्हणून बीपी आणि हृदयाच्या रुग्णाने जेवताना बोटाएवढा तुकडा घ्यावा, ताट भरून नाही.

चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी दिंड्या निघतात. साठी-सत्तरीतली माणसं हट्टाने जातात आणि त्यांना अडवणं जमत नाही, जमवूही नये. मग निदान एवढं पाहा : महिनाभर आधीपासून रोज पहाटे चालायची सवय, दिवसा दहा ते पाच मुक्काम, सैल सुती पांढरे कपडे, वापरलेले बूट, खिशात औषधांची चिठ्ठी आणि घरचा नंबर, झोळीत ओआरएसची चार पाकिटं. मधुमेह असेल तर पायाला फोड आला का हे रोज रात्री दिव्याखाली बघायचं, कारण दुखलं नाही तरी फोड येतो. गडावर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. गुडघे थकले असतील तर ट्रॉलीने वर जाण्यात भक्ती कमी होत नाही.

लग्नसराईत दुपारचा मुहूर्त आणि कापडी मांडव. नवरदेवाच्या मिरवणुकीबरोबर म्हाताऱ्यांना चालवू नका, त्यांना थेट हॉलवर पोचवा. शिजवलेलं अन्न, बासुंदी, मठ्ठा या उकाड्यात तासाभराच्या वर उघड्यावर राहिलं असेल तर त्यांच्या ताटात वाढू नका. अखाजीला घागर भरली जाते, खापरावरचे मांडे आणि आमरस होतोच. मधुमेह्याला एक छोटी वाटी रस आणि अर्धा मांडा द्या, भाताला सुट्टी द्या. नुसतं "खाऊ नका" म्हटलं तर माणूस नंतर एकटाच खातो, आणि जास्त खातो.

रात्र

उकाडा वाढला की गच्चीवर झोपायची ओढ लागते. कठडा नसलेल्या गच्चीवर आणि अंधाऱ्या जिन्यावर या वयात चढू नये. अंगणात खाट टाका. बाज सैल पडली असेल तर आवळून घ्या. खोलगट बाजेतून उठताना कंबर आणि तोल दोन्ही जातात. बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. उठल्याबरोबर चालायचं नाही : आधी कडेला दोन मिनिटं बसायचं, घोट्यांची हालचाल करायची, मग आधार धरून उभं राहायचं. उशाशी बॅटरी ठेवा.

मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचा. डासांबरोबर विंचवालाही ती अडवते. चपला-बूट झटकूनच घालायचे. विंचू चावला आणि खूप घाम, उलटी, लाळ, हातपाय गार पडणं यांपैकी काही दिसलं, तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध काम करतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते दाखवून दिलं आहे. साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चावलेला हात किंवा पाय न हलवता निजवून न्या.

घरात कोणी नसेल तेव्हा

मुलं सुरतेला, पुण्याला, आणि गावात दोघंच. असं घर आता प्रत्येक आळीत आहे. फोन दोनदा करा : सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला. "बरं आहे ना?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "तांब्या कुठवर आला? खिडकी लावली का? सकाळचं वजन किती?" उत्तर द्यायला वेळ लागला, शब्द अडखळले किंवा वार चुकला, तर शेजारच्या काकूंना लगेच पाठवा. त्यांच्याकडे एक किल्ली आधीच देऊन ठेवा. आशाताईंचा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

ऊन लागलंच तर

थकवा, डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, पण माणूस शुद्धीवर आणि बोलणं नीट : सावलीत निजवा, पाय थोडे उंच करा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, घोटाघोटाने ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना.

बरळणं, उगाच चिडणं, ओळख चुकणं, झोक जाणं, झटका, बेशुद्धी : हा उष्माघात आहे असं धरूनच चाला. अंगाचा ताप साधारण १०४ फॅरनहाइट म्हणजे ४० सेल्सिअस किंवा वर असतो. म्हाताऱ्यांमध्ये कातडी कोरडी पडते, पण घाम आहे म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, त्यामुळे गोंधळ दिसला की आकड्याची वाट पाहू नका.

१. १०८ ला फोन लावा. एकाने फोनवर बोलावं, दुसऱ्याने काम सुरू करावं.
२. सावलीत किंवा सगळ्यात गार खोलीत न्या, कपडे काढा.
३. सगळ्या अंगावर बादलीने पाणी ओता किंवा ओली चादर घाला आणि जोरात वारा घाला. चादर गरम झाली की पुन्हा भिजवा.
४. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा.
५. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो फुप्फुसात जातो. कुशीवर वळवा.
६. मधुमेह असेल तर लगेच बोटाची साखर बघा. ७० च्या खाली असेल तर गोंधळाचं ते कारण असू शकतं.
७. तोंड वाकडं झालं, एक हात उचलला जात नाही किंवा बोलणं अडलं, तर हा पक्षाघात असू शकतो. कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा.

गाडी येईपर्यंत आणि गाडीतही गार करणं थांबवू नका. अंग जितका वेळ तापलेलं राहतं, तितका मेंदूला आणि मूत्रपिंडाला धोका वाढतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण हा जंतूंचा ताप नाही. तळपायाला कांदा चोळणं जुनं आहे आणि मायेपोटी केलं जातं, पण त्याने अंगाची उष्णता कमी होत नाही. ते दोन हात पाणी ओतायला लावा. निघताना वही आणि औषधांची पिशवी बरोबर घ्या. उन्हाळ्यात सरकारी रुग्णालयांत उष्माघाताचा वेगळा कक्ष असतो, तिथेच विचारा.

घरी सोडल्यावरही पुढचे काही आठवडे अंगाची उष्णता सांभाळायची ताकद कमी असते. आप्पा दुसऱ्याच दिवशी शेताची वाट धरतील, तेव्हा त्यांची चप्पल आत ठेवा. आठवड्याने क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून, कोणत्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या ते डॉक्टरांकडून वहीत लिहून आणा.